पेंढा गाडला आणि पीक पिवळं पडलं, आता?

मागच्या अंकात मी एका उत्तराच्या ओघात सहज लिहून गेले होते की भाताचा पेंढा म्हणजे कचरा नाही, ते खत आहे. झालं, त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. काहींनी कौतुक केलं, काही सरळ चिडलेत, "ताई तुमचं ऐकून गाडला आणि नुकसान झालं" असंही आहे. चिडलेल्यांपासूनच सुरुवात करते.

प्रश्न : काढणी झाल्यावर सगळा पेंढा रोटाव्हेटरने मातीत मिसळला, पाणी सोडलं, चिखलणी केली आणि आठवड्याभरात लावणी उरकली. वीस दिवस झाले तरी रोपं उभीच राहीनात, पानं पिवळी, फुटवे नाहीत. शेजारच्याने पेंढा उचलला होता, त्याचं पीक हिरवंगार आहे. मग पेंढा खत कसा?

तुमचा राग कळतो. मी स्वतः पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं, आणि खाचरात उतरले तर पायाखालून बुडबुडे येत होते आणि सडक्या अंड्यासारखा वास. तेव्हा मीही पेंढ्यालाच शिव्या घातल्या. चूक पेंढ्याची नव्हती, घाईची होती.

होतं काय की पेंढ्यात वजनाच्या साधारण 40 टक्के कर्ब (कार्बन) असतो आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम 0.5 ते 0.8 टक्के. म्हणजे एका भाग नत्रामागे 50 ते 80 भाग कर्ब. पेंढा कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र हे प्रमाण 25 च्या आसपास लागतं. पेंढ्यातून त्यांची नत्राची भूक भागत नाही, मग ते मातीत जो काही नत्र मोकळा आहे तो ओढून घेतात, तुम्ही टाकलेला युरियासुद्धा. आधी जिवाणूंची पंगत उठते, मग पिकाला ताट मिळतं. हा नत्र वाया जात नाही बरं का, जिवाणूंच्या शरीरात अडकून बसतो आणि पुढे काही आठवड्यांनी ते मरायला लागले की परत सुटतो, पण तोपर्यंत तुमच्या रोपांचे फुटवे फुटायचे दिवस निघून गेलेले असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. साचलेल्या पाण्याखाली हवा नाही, आणि बिनहवेचं कुजणं वेगळं असतं, त्यात सेंद्रिय आम्लं तयार होतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे तोच सडक्या अंड्याचा वास, आणि हे सगळं कोवळ्या मुळांना जाळतं. आत्ताच्या आत्ता एक काम करा, एक चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा जुडगा) उपटा, मुळं धुवा आणि बघा. मुळं पांढरी किंवा तांबूस तपकिरी असतील तर ठीक, प्रॉब्लेम फक्त नत्राचा आहे. काळी असतील आणि वास येत असेल तर खाचरातलं पाणी काढून टाका, जमिनीला बारीक भेगा दिसेपर्यंत थोडे दिवस सुकू द्या, हवा आत गेली की नवी पांढरी मुळं फुटतात. त्यानंतर थोडा युरिया द्या, आणि थोडा म्हणजे थोडाच, कारण अडकलेला नत्र पुढे सुटणारच आहे, आत्ता घाबरून दोन हप्ते एकदम टाकलेत तर लोंब्या येताना पीक नुसतं माजेल आणि लोळेल.

आणि पुढच्या वेळी? काढणी झाल्यावर जमिनीत वापसा (ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती) आहे तोवर, पाणी न सोडता, पेंढा आणि धसकटं (कापल्यावर उरलेली बुडखं) वरच्या 5 ते 10 सेंटिमीटर थरात उथळ मिसळायची, खोल नांगरून पुरायची नाहीत. अशा हवेशीर मातीत पेंढ्यातला साधारण निम्मा कर्ब 30 ते 35 दिवसांत निघून जातो, थंडी असेल तर जास्त दिवस लागतात. त्यानंतर पाणी, त्यानंतर चिखलणी. इतका वेळ नसेल तर निदान 2 ते 3 आठवडे तरी मधे जाऊ द्या, आणि लावणीच्या वेळच्या खतात एकरी 8 ते 10 किलो नत्र, म्हणजे 20 किलोच्या आसपास युरिया, नक्की असू द्या. हा वरचा खर्च नाही, नंतरच्या हप्त्यातला थोडा अलीकडे आणायचा एवढंच. आणि दोन पिकांमध्ये दहा दिवससुद्धा मिळत नसतील तर सरळ सांगते, सगळा पेंढा गाडू नका, धसकटं तेवढी ठेवा आणि बाकीचा बाहेर काढून कंपोस्ट करा.

प्रश्न : जाळला तरी राख शेतातच राहते ना? मग खत गेलं कुठे? उलट शेत एका दिवसात मोकळं होतं.

शेत मोकळं होतं हे खरं आहे, त्यात वाद नाही, म्हणून तर लोक जाळतात. पण राखेत काय राहतं ते बघा. नत्र जवळजवळ सगळा धुरात जातो. स्फुरद (फॉस्फरस) साधारण चौथा हिस्सा जातो, पालाश (पोटॅश) पाचवा हिस्सा, आणि गंधक 5 टक्क्यांपासून 60 टक्क्यांपर्यंत, आग किती भडकली त्यावर. कर्ब तर गेलाच. राहिलेला पालाश राखेत असतो, पण तो पाण्यात चटकन विरघळणारा, म्हणजे पहिला जोराचा पाऊस आला किंवा वारा सुटला की राख बांधाबाहेर. शिवाय लोक पसरून कुठे जाळतात, ढीग करून जाळतात, मग ज्या जागी ढीग तिथे सगळी राख आणि बाकी शेत कोरडंच.

प्रश्न : आमच्याकडे पेंढा दरवर्षी सगळाच्या सगळा उचलला जातो, थोडा जनावरांना, बाकी विकतो. युरिया आणि डीएपी वेळेवर देतो. उत्पन्न पहिल्यासारखंच होतं, पण गेली दोन तीन वर्षं जुन्या पानांच्या कडा टोकाकडून पिवळ्या होऊन करपतात, पीक लोळतं, तपकिरी ठिपकेही वाढलेत. माती तर तीच आहे.

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला कारण हे दुखणं सगळ्यात हळू येतं आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. माती तीच आहे असं तुम्ही म्हणता, पण तीच नाहीये.

हिशोब मांडू. पेंढा साधारण दाण्याच्या वजनाइतका किंवा थोडा जास्त निघतो. समजा एकरी 2 टन पेंढा. त्यात नत्र 10 ते 16 किलो, स्फुरद 3 ते 5 किलो, आणि पालाश किती? 28 ते 40 किलो! म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशच्या खतात 60 टक्के पालाश धरला तर साधारण एक 50 किलोची गोणी, कधी त्याहून थोडी जास्त. तेवढ्याच 2 टन दाण्यातून फक्त 5 ते 7 किलो पालाश बाहेर जातो. म्हणजे भाताचं पीक जमिनीतून जो पालाश उचलतं त्यातला 80 ते 85 टक्के पेंढ्यात बसलेला असतो. नत्राचं तसं नाही, तो दाण्यात जास्त जातो, पेंढ्यात 40 टक्के. स्फुरद पेंढ्यात जेमतेम एक तृतीयांश. म्हणून दाणा विकला तर पालाशचं खातं फारसं हलत नाही, पेंढा विकला की दरवर्षी एकरी एक गोणी पोटॅश शेताबाहेर. आणि तुम्ही परत काय देताय, युरिया म्हणजे नुसता नत्र आणि डीएपी म्हणजे नत्र आणि स्फुरद, दोन्हीत पालाशचा कणही नाही.

मग इतकी वर्षं उत्पन्न कसं टिकलं? चिकणमातीच्या काही खनिजांत पालाश पानांच्या गठ्ठ्यासारखा थरांमध्ये दाबून ठेवलेला असतो, पीक ओढतं तसा तो थोडा थोडा सुटत राहतो, म्हणून भारी जमीन खूप वर्षं चालवून घेते. वाळूसर जमिनीत हे दोनचार हंगामांत उघडं पडतं. तुमची जमीन बहुतेक भारी असणार, म्हणून उशीर झाला. पालाश झाडात इकडून तिकडे फिरू शकतो, कमी पडला की झाड तो जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं, म्हणून करपणं खालच्या जुन्या पानांच्या टोकापासून आणि कडेने सुरू होतं. (नत्र कमी असेल तर जुनं पान सगळं सारखं फिकट होतं, कडेने करपत नाही. आणि गंधक कमी असेल तर पिवळेपणा नव्या पानापासून. एवढा फरक लक्षात ठेवला तरी दुकानात जाऊन भलतंच खत आणणं टळतं.) लोळणं आणि तपकिरी ठिपके हेही पालाश घटल्यावर वाढतात. तरी मातीची टेस्ट करून घ्याच, मी इथे बसून पानांवरून अंदाज सांगतेय.

उपाय म्हणजे पेंढा विकायचाच नाही असं मी म्हणणार नाही, घरची गरज असते. पण विकताना त्याच्याबरोबर काय जातंय ते हिशोबात धरा आणि तेवढा पालाश परत द्या. अर्धा ठेवा अर्धा विका, तेही चालेल. कापणी थोडी वरून करून धसकटं उंच ठेवली तरी बराच वाटा शेतात राहतो.

आणि जनावरांना घातलेल्या पेंढ्याबद्दल एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते. जनावर पेंढ्यातून जो पालाश खातं त्यातला बराचसा शेणातून नाही, गोमूत्रातून बाहेर पडतो. म्हणजे शेणखत व्यवस्थित शेतात नेलं पण मूत्र गोठ्याबाहेर गटारात गेलं, तर पालाश गटारातच गेला. गोठ्यात खाली पेंढ्याचाच थर अंथरा, तो मूत्र पिऊन घेतो, आणि तो भिजलेला पेंढा उकिरड्यात टाका. त्याचा फायदा दुहेरी, मूत्रातला नत्रही मिळतो आणि वर सांगितलेली जिवाणूंची नत्राची भूक तिथेच भागते, त्यामुळे तो पेंढा कोरड्यापेक्षा खूप लवकर कुजतो.

प्रश्न : कंबाईन हार्वेस्टरने कापणी केल्यावर पुढच्या पिकात पट्टे दिसतात, एक पट्टा गडद हिरवा जोमदार, एक फिकट. बियाण्यात भेसळ असेल का?

भेसळ अशी सरळ रेषेत उगवत नाही हो. मशीन मागच्या बाजूने पेंढा एका ओळीत टाकत जातं, आणि पेंढ्यातला पालाश कुठल्या पदार्थात बांधलेला नसतो, तो पेशीरसात मोकळा असतो, त्यामुळे नुसता पाऊस किंवा दव पडलं तरी पेंढा कुजायच्या आधीच तो धुऊन खाली मातीत उतरतो. ओळीखाली पालाश भरपूर, दोन ओळींच्या मधे काहीच नाही. कधी उलटंही दिसतं, ओळीखालचा पट्टा सुरुवातीला पिवळा, कारण तिथे पेंढा जाड आणि नत्र अडकलेला. मशीनला मागे पेंढा बारीक करून पसरवणारं जोड लावता येतं, ते असलेलंच मशीन मागा. नसेल तर माणसं लावून पसरवा, कंटाळवाणं काम आहे पण एका दिवसाचं.

याच कारणाने पेंढ्याची गंजी शेताच्या एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षं रचू नका, त्या कोपऱ्यात पालाश साठत जातो. आणि पेंढा विकायचाच असेल तर, आता हे थोडं लबाडीचं वाटेल, एखादा पाऊस खाऊ देऊन मग उचलला तर पालाश तुमच्याच शेतात राहतो. चारा म्हणून मात्र तो खराब होतो, तेव्हा ज्याला जनावरांसाठी द्यायचाय त्याला असा देऊ नका.

प्रश्न : बाजारात पेंढा कुजवणारं डीकंपोजर मिळतं. फवारलं की पंधरा दिवसात पेंढ्याची माती होते म्हणतात. खरं का?

त्यातल्या बुरशा आणि जिवाणू खोटे नसतात, पेंढ्यातलं सेल्युलोज खाणाऱ्याच जाती असतात. पण तसे जीव तुमच्या मातीत आधीपासून आहेतच. कुजणं अडतं ते जीव नाहीत म्हणून नाही, ओल नाही म्हणून, पेंढा मातीला टेकलेला नाही म्हणून, नत्र कमी आहे म्हणून आणि थंडी आहे म्हणून. कोरड्या उभ्या धसकटांवर दुपारच्या उन्हात फवारणी केली तर ते बिचारे जीवच वाळून मरतात. आधी पेंढा बारीक करून, मातीत उथळ मिसळून, ओल देऊन मग फवारलं तर थोडा वेग येतो, पण मग माझ्या मते निम्म्याहून जास्त काम त्या ओलीने आणि मिसळण्याने केलेलं असतं. खात्री करायची असेल तर अर्ध्या शेतात फवारा, अर्ध्यात फक्त पाणी, आणि महिन्याने मूठभर पेंढा दोन्हीकडून उचलून ओढून बघा कुठला लवकर तुटतो.

प्रश्न : भाताचा पेंढा इतका चिवट का असतो? कडधान्याचा पाला तर लगेच कुजतो.

कडधान्याच्या पाल्यात नत्र जास्त, हे एक. दुसरं म्हणजे सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच सिलिकॉनचं संयुग. भाताच्या पेंढ्यात 4 ते 7 टक्के सिलिकॉन असतं, हात कापतो तो त्यामुळेच, आणि जिवाणूंनाही ते आवरण जड जातं. पण ती चिवटाई पिकाला हवी असते. सिलिकामुळे पान ताठ उभं राहतं, खोड कडक होतं, करपा आणि खोडकिडीला तोंड देता येतं. नत्र-स्फुरद-पालाशच्या नेहमीच्या गोणीत हे काही येत नाही, आणि 2 टन पेंढ्याबरोबर 80 ते 140 किलो सिलिकॉन निघून जातं. पेंढा गाडला तर ते हळूहळू परत मिळतं.

प्रश्न : भातानंतर चिखलणीचं नाही, हरभरा किंवा गव्हासारखं कोरडं पीक घ्यायचंय. गाडण्याऐवजी पेंढा वरच अंथरून ठेवला तर?

उत्तम, माझी पहिली पसंती तीच. वर पडलेला पेंढा मातीला थोडाच टेकतो, हळू कुजतो, त्यामुळे नत्राची ओढाताण कमी, ओल टिकते, तण दबतं, दिवसा माती तापत नाही आणि रात्री फार गार पडत नाही. नांगरट न करता पेंढ्यातून थेट पेरणी करणारी यंत्रं आहेत, ती मिळाली तर फारच सोपं. लक्ष दोन ठिकाणी द्या. एक, थर सगळीकडे सारखा हवा, जिथे ढिगारा तिथे कोंब वर येत नाही. दोन, युरिया पेंढ्यावर वरून फेकू नका! कुजत्या पेंढ्यावर युरिया फोडणारं एन्झाइम भरपूर असतं, वर पडलेला युरिया बघता बघता अमोनिया होऊन हवेत उडतो. पेरताना बियाण्याच्या बाजूला थोडा खाली द्या, किंवा पाणी द्यायच्या अगदी आधी, म्हणजे तो पाण्याबरोबर खाली उतरेल.

प्रश्न : (एका कॉलेजच्या विद्यार्थिनीचा) पेंढा गाडल्याने मिथेन वाढतो असं वाचलं, मग पर्यावरणासाठी गाडावा की नाही?

वाढतो, जर पाण्याखाली ताजा गाडला तर. मिथेन 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट उष्णता धरतो, त्यामुळे प्रश्न योग्य आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या 2006 च्या हिशोब पद्धतीत एक छान आकडा आहे, लागवडीआधीच्या 30 दिवसांत गाडलेल्या पेंढ्याचा मिथेनवरचा परिणाम 1 धरला तर 30 दिवसांहून आधी गाडलेल्याचा 0.29 धरतात, आणि कंपोस्टचा फक्त 0.05. बघ, जे पिवळ्या पिकावरचं औषध तेच मिथेनवरचं औषध, आधी हवेत कुजू द्यायचं आणि मग पाणी. मधेमधे खाचर सुकवलं तर आणखी कमी.

प्रश्न : यंदा खोडकुज आणि पर्णकोष करपा खूप होता. हा पेंढा गाडू का?

गाडू नका. या दोन्ही रोगांच्या बुरशीच्या बारीक गाठी पेंढ्यात आणि धसकटात तग धरून राहतात. जमिनीलगत कापा, पेंढा बाहेर काढून त्याचं कंपोस्ट करा, ढीग ओला ठेवा (मुठीत दाबला तर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये) आणि शेण मिसळून दोन तीनदा उलथा, आतली उष्णता 55 अंशांच्या वर गेली पाहिजे, त्यात त्या गाठी मरतात. कडेचा पेंढा आत आला पाहिजे म्हणून उलथायचं, नाहीतर कडेच्या तशाच राहतात. आणि पुढच्या चिखलणीनंतर वारा ज्या कोपऱ्याकडे वाहतो तिथे फेस आणि कचरा जमतो ना, त्यात या गाठी तरंगत येतात, तो गोळा करून लांब नेऊन पुरा. खोडकिडीच्या अळ्याही धसकटात बसून राहतात, त्यामुळे बुडापासून कापल्याचा तिथेही उपयोग होतो.

प्रश्न : यंदापासून पेंढा शेतातच ठेवणार आहे. फरक कधी दिसेल?

पालाशचा पुढच्याच पिकात, कारण तो पावसानेच सुटतो. खतातला पालाश त्या मानाने कमी करू शकाल. नत्राचं तसं नाही, पहिले एक दोन हंगाम काही वाटणार नाही, उलट थोडं सांभाळावंच लागेल, मग जमिनीत साठा होत जातो तसा युरिया थोडा कमी लागायला लागतो. सेंद्रिय कर्बाचा आकडा रिपोर्टमध्ये हलायला मात्र खूप वर्षं जातात, दोन वर्षांनी टेस्ट करून निराश होऊ नका. टेस्ट दरवेळी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून, तेवढ्याच खोलीचा नमुना घेऊन करा, आणि नमुना गंजीच्या जागेवरचा किंवा राख पडली होती तिथला घेऊ नका.